एका कीबोर्डचे चार मालक

जुलै २०२१ चा शेवटचा आठवडा. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलेलं आणि पुणे-कोल्हापूर रस्ता बंद. त्याच रात्री साडेनऊला कोल्हापुरातून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, लॅपटॉपवर चहा सांडला."

पीएचडीचा प्रबंध शेवटच्या टप्प्यात होता. प्रकरणं त्याच लॅपटॉपमध्ये होती, आणि शेवटची प्रत बाहेर कुठे ठेवली होती तर तीन आठवड्यांपूर्वी. लॅपटॉपवर विंडोजऐवजी आर्च लिनक्स होतं. ते मीच घालून दिलं होतं, डिस्क पूर्ण एनक्रिप्ट करून. चालू करताना पासफ्रेज दिल्याशिवाय आतलं काहीच उघडत नाही, चोरी झाली तरी प्रबंध सुरक्षित, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

हे सगळं प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण "लिनक्सवर यूएसबी कीबोर्ड लावायचा कसा" या प्रश्नाला सगळेजण "लावायचा, बस, चालतो" असं उत्तर देतात. शंभरात नव्व्याण्णव वेळा ते खरंही असतं. ही शंभरावी वेळ होती, आणि तिच्यात माझ्या स्वतःच्या चुका चार सापडल्या. आज्ञांची आणि मॉड्यूलची (म्हणजे ड्रायव्हरच्या तुकड्यांची) नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पहिली रात्र

चार्जर काढ, पॉवर बटण दाबून धरून बंद कर, उलटा करून पंख्याखाली ठेव, सकाळपर्यंत चालू करून बघायचा मोह टाळ. एवढंच सांगितलं. तिने ते पाळलं. सकाळी मशिन सुरू झालं, पण मधल्या ओळीतली डावीकडची अक्षरं आणि डावं शिफ्ट मेलेलं. पासफ्रेजमधली तीन अक्षरं नेमकी त्या ओळीतली.

"बाहेरचा कीबोर्ड जोड," मी म्हणालो. शेजारच्या काकांकडे डेस्कटॉप होता. त्यांनी आधी त्याचाच कीबोर्ड काढून दिला, तर त्याची पिन गोल आणि जांभळी निघाली. लॅपटॉपला असलं भोक कुठलं असायला! काकांनी विचारलं, या पिनेला यूएसबी करणारं कनेक्टर मिळत नाही का? मिळतं, पण त्यातलं नुसतं टोक बदलणारं, आत चिप नसलेलं कनेक्टर दोन्ही भाषा बोलणाऱ्या कीबोर्डलाच चालतं, आणि जांभळ्या पिनेसह विकलेले जुने कीबोर्ड बहुतेक एकभाषीच असतात. शेवटी काकांना आठवलं की मुलगा पुण्याला गेल्यापासून त्याचा यूएसबी कीबोर्ड आणि माउस माळ्यावर पडून आहे. ते जुळं खाली आलं.

जोडलं. ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या कार्यक्रमाच्या, मेनूत वर-खालीचे बाण चालले. एंटर चाललं. पासफ्रेज विचारणारी ओळ आली. आणि तिथे कीबोर्ड मुका.

अर्धा तास वाया

माझा पहिला संशय बायोसवर, म्हणजे मशिन चालू होताच सर्वांत आधी जागं होणाऱ्या मूळ कार्यक्रमावर, गेला. "यूएसबी लेगसी सपोर्ट" नावाची एक सेटिंग असते, ती बंद असेल, असं मी ठामपणे सांगितलं. तिने बायोसची सगळी पानं फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवली. ती सेटिंग शोधण्यात अर्धा तास गेला. ती सुरूच होती. खरं तर ती बघायला लावण्यात काहीच अर्थ नव्हता, हे मला आधी कळायला हवं होतं: बायोसच्या पानांवर ती त्याच यूएसबी कीबोर्डने फिरत होती! ज्या कीबोर्डने आपण सेटिंग शोधतोय, तो बायोसला दिसत नसेल का, अशी शंका काढणारा मी.

दुसरा संशय पोर्टवर. निळ्यातून काढ, काळ्यात घाल. हाही जुन्या सवयीचा सल्ला. इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून, लॅपटॉपमधली निळी-काळी सगळी भोकं आत सहसा एकाच एक्सएचसीआय कंट्रोलरकडे, म्हणजे यूएसबी सांभाळणाऱ्या एकाच यंत्रणेकडे, जातात. जुन्या मशिनवर यूएसबी २ आणि ३ चे कंट्रोलर वेगळे असत, तेव्हा पोर्ट बदलून फरक पडायचा. इथे पडला नाही.

मग मी शांतपणे विचार केला आणि एक प्रश्न विचारला, जो आधी विचारायला हवा होता.

"पासफ्रेजच्या ओळीवर असताना कॅप्स लॉक दाब. दिवा लागतो का?"

"नाही."

"आता रीस्टार्ट कर, बायोसमध्ये जा. तिथे?"

"लागतो."

फोनवरून रोग ओळखायचा असेल तर याच्याइतकी चांगली चाचणी मला माहीत नाही. यूएसबी कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही. कीबोर्ड फक्त कळवतो, की अमुक बटण दाबलं. ते ऐकून समोरची प्रणाली उलट निरोप पाठवते, की दिवा लाव. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ जाणं आणि येणं दोन्ही रस्ते उघडे. दिवा लागला नाही, तर पलीकडे ऐकायलाच कुणी नाही. तार ठीक, पोर्ट ठीक, कीबोर्ड ठीक. बायोसमध्ये ऐकणारा होता, पासफ्रेजच्या ओळीवर नव्हता.

मालक बदलतो कुठे

संगणक सुरू होऊन डेस्कटॉप दिसेपर्यंत कीबोर्डचा मालक बदलत जातो. बघणाऱ्याला ते कळत नाही, कारण हस्तांतर डोळ्यांसमोर होत नाही.

पहिला मालक फर्मवेअर, ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो. त्याच्याकडे स्वतःचा छोटासा यूएसबी ड्रायव्हर असतो. यूएसबीच्या एचआयडी (कीबोर्ड-माउससारख्या उपकरणांच्या) नियमांत कीबोर्डसाठी एक साधी बोली ठरवून दिली आहे, बूट प्रोटोकॉल: दर वेळी आठ बाइट, पहिल्यात शिफ्ट-कंट्रोलसारखी बटणं, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत एका वेळी दाबलेली सहा बटणं. नियम इतका सोपा आहे, की कुठलंही फर्मवेअर जवळपास कुठलाही कीबोर्ड ओळखतं. ग्रबही स्वतः काही करत नाही, फर्मवेअरच्याच कानाने ऐकतो. म्हणून मेनूतले बाण चालले.

मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होतो आणि फर्मवेअरला निरोप देतो. त्या क्षणी फर्मवेअरचा ड्रायव्हर संपला. आता कर्नलला स्वतःचे ड्रायव्हर लागतात: कंट्रोलरसाठी एक्सएचसीआय, त्यावर यूएसबीएचआयडी, त्यावर एचआयडी-जेनेरिक. पण हे ड्रायव्हर ठेवलेत कुठे? डिस्कवर. आणि डिस्क तर कुलूपबंद, पासफ्रेज दिल्यावर उघडणारी. किल्ली घरात आणि दाराला बाहेरून कुलूप.

याचसाठी इनिटरॅमएफएस असते. मी तिला शिदोरी म्हणतो. कर्नल प्रवासाला निघताना एक छोटी गाठोडी बरोबर घेतो. मुक्कामाला, म्हणजे खऱ्या डिस्कवर, पोचेपर्यंत जे लागेल ते तिच्यात असायला हवं. पासफ्रेज विचारणारा कार्यक्रम या गाठोडीतूनच चालतो. तो दुसरा मालक. डिस्क उघडल्यावर पूर्ण सिस्टीम सुरू होते, ती तिसरी. आणि शेवटी डेस्कटॉप, जिथे लिबइनपुट (बटणं टिपणारं) आणि एक्सकेबी (बटणाचं अक्षर ठरवणारं) कीबोर्डचा ताबा घेतात, तो चौथा. कीबोर्ड दुसऱ्या मालकाकडे अडला होता. प्रश्न एवढाच उरला, की शिदोरीत यूएसबीएचआयडी का नव्हता?

कारण मी बांधला नव्हता. आर्चमध्ये ही गाठोडी एमकेइनिटसीपीआयओ बांधतं, आणि त्याच्या सेटिंगच्या फाइलीत हुक्स नावाची एक ओळ असते. त्या ओळीतल्या शब्दांचा क्रम महत्त्वाचा. "ऑटोडिटेक्ट" हा शब्द आला की ते मशिनकडे बघतं, या घडीला कोणती उपकरणं जोडलेली आहेत ते टिपून घेतं, आणि त्याच्या पुढच्या शब्दांनी आणलेल्या ड्रायव्हरांतून टिपलेल्यांखेरीज बाकी सगळं गाळून टाकतं. माझ्या ओळीत आधी "ऑटोडिटेक्ट" होतं आणि नंतर "कीबोर्ड". म्हणजे गाठोडी बांधताना समोर जो कीबोर्ड असेल, त्याचाच ड्रायव्हर आत जाणार. बहिणीने बाहेरचा कीबोर्ड कधी लावलाच नव्हता. लॅपटॉपचा आतला कीबोर्ड यूएसबीचा नसतो बहुधा, त्याची वाट वेगळी. दर वेळी कर्नल अपडेट झाला, दर वेळी गाठोडी नव्याने बांधली गेली, आणि दर वेळी यूएसबी कीबोर्डचा ड्रायव्हर घरीच राहिला.

गंमत अशी, की तिने कधी यूएसबी माउस वापरला असता आणि तो जोडलेला असताना कर्नल अपडेट झाला असता, तर हेच मॉड्यूल माउसच्या निमित्ताने आत गेलं असतं. कीबोर्ड चालला असता. मला काहीही कळलं नसतं, आणि मी आजही "लावायचा, बस, चालतो" म्हणत असतो.

ही झाली पहिली चूक. दुसरी त्याहून वाईट. आर्च त्या काळी प्रत्येक कर्नलसाठी दोन गाठोड्या बांधायचं, एक आटोपशीर आणि एक "फॉलबॅक". फॉलबॅक ऑटोडिटेक्ट वगळून बांधलेली असते, सगळे ड्रायव्हर घेऊन. अशा वेळी ग्रबच्या मेनूत खाली जाऊन फॉलबॅक निवडायचं, की काम झालं. मी ती बंद करून ठेवली होती. बूटची पार्टिशन लहान होती, जागा वाचवायची होती. ज्या एकाच दिवशी ती फाइल लागणार होती, त्या दिवशी ती नव्हती, आणि जी जागा वाचवली ती कशासाठी वापरली, हे मला आजवर आठवलेलं नाही.

फोनवरून शस्त्रक्रिया

आता बाहेरून शिरण्याखेरीज मार्ग नव्हता. काकांच्या डेस्कटॉपवर (जांभळ्या पिनेच्या कीबोर्डसह) आर्चची आयएसओ फाइल उतरवली आणि पेनड्राइव्हवर लिहिली. पुराच्या दिवसांत मोबाइलच्या नेटवर पाऊण जीबी उतरायला दुपार गेली. काकू मध्येच भजी देऊन गेल्या, असं मला फोनवर ऐकू आलं.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू झाला. तिथे यूएसबी कीबोर्ड लगेच चालला. तीच तार, तेच भोक. पेनड्राइव्हवरच्या प्रणालीला आपण कुठल्या मशिनमध्ये जाणार हे माहीत नसतं, म्हणून तिची शिदोरी भरगच्च असते. माझ्या निदानाला यापेक्षा पक्का पुरावा नको होता.

मग एकेक आज्ञा अक्षरशः अक्षर-अक्षर सांगत गेलो. एलएसबीएलके लिहून डिस्कच्या पार्टिशनांची यादी. क्रिप्टसेटअपने कुलूप उघडणं, इथे तिने पासफ्रेज टाइप केली आणि पहिल्यांदा सुटकेचा श्वास सोडलेला ऐकू आला. उघडलेली डिस्क एमएनटी या फोल्डरवर माउंट करणं, म्हणजे जोडणं. आर्च-सीएचरूटने आत प्रवेश, म्हणजे पुढच्या आज्ञा डिस्कवरच्या प्रणालीतच चालणार. नॅनो एडिटरमध्ये ती सेटिंगची फाइल. हुक्सच्या ओळीतून "कीबोर्ड" हा शब्द उचलला आणि "ऑटोडिटेक्ट"च्या आधी ठेवला. गाळणी लागायच्या आधीच कीबोर्डचे सगळे ड्रायव्हर आत.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या क्षणी यूएसबी कीबोर्ड जोडलेलाच होता. ओळीला हात न लावता नुसती गाठोडी पुन्हा बांधली असती, तरी ऑटोडिटेक्टला तो दिसला असता आणि त्या दिवसापुरतं भागलं असतं. पुष्कळजण तसंच करून मोकळे होतात. पण काही वायरलेस डोंगलांना एचआयडी-जेनेरिक पुरत नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरला त्याचा वेगळा एचआयडी-लॉजिटेक-डीजे लागतो. उद्या काकांचा संच परत गेला, आणि तिने डोंगलवाला कीबोर्ड आणला, की पुन्हा तीच रात्र. म्हणून क्रम बदलणं हाच इलाज. शिदोरी काही एमबीने जड होते, होऊ द्यावी.

एमकेइनिटसीपीआयओ चालवलं, तर त्रुटी: बूटमध्ये कर्नलची फाइलच नाही. माझी तिसरी चूक. बूटची पार्टिशन वेगळी होती आणि ती माउंट करायला मी सांगितलंच नव्हतं. सीएचरूटच्या आत दिसणारा बूट म्हणजे रिकामं फोल्डर होतं. बरं झालं, त्रुटी आली. कर्नलच्या फाइलीचा मार्ग सेटिंगमध्ये लिहिलेला होता म्हणून ते थांबलं, नाहीतर नवी गाठोडी चुकीच्या जागी ठेवून आम्ही आनंदाने रीस्टार्ट केलं असतं. बाहेर आलो, बूट माउंट केलं, पुन्हा आत, पुन्हा बांधली. फॉलबॅकही परत सुरू केली, शरमेने.

रीस्टार्ट करण्याआधी खात्री करता येते. एलएसइनिटसीपीआयओ ही आज्ञा बांधलेली गाठोडी सोडवून आतली यादी दाखवते, तिच्यात यूएसबीएचआयडी दिसला पाहिजे. दिसला. लिनक्सच्या डेबियन घराण्यात याच कामाला एलएसइनिटरॅमएफएस आहे. तिथे मूळ सेटिंग "मोस्ट", म्हणजे सढळ हाताची असते, म्हणून हा त्रास सहसा होत नाही. कुणी ती हाताने "डेप" करून ठेवली असेल, तर तिथेही गाळणी लागते.

रीस्टार्ट. पासफ्रेजची ओळ. "कॅप्स लॉक दाब."

"लागला! दादा, दिवा लागला!"

प्रबंध उघडला. पहिलं काम म्हणून सगळ्या प्रकरणांच्या प्रती पेनड्राइव्हवर आणि मेलवर. तोवर मी फोन ठेवू दिला नाही.

"पण हा कीबोर्ड इंग्रजी आहे"

ही तिची पुढची शंका, आणि ती वाटते तितकी भाबडी नाही. ती इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या मांडणीने मराठी लिहिते. काकांच्या मुलाच्या कीबोर्डवर फक्त रोमन अक्षरं छापलेली. मराठी कसं उमटणार?

कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही. तो बटणाचा क्रमांक पाठवतो. रोमन "के" छापलेल्या बटणाचा क्रमांक यूएसबीच्या तक्त्यात ठरलेला आहे. कर्नल त्याचं स्वतःच्या क्रमांकात भाषांतर करतो, आणि त्या क्रमांकाचं अक्षर कोणतं हे शेवटी एक्सकेबी ठरवतं. इंग्रजी मांडणी निवडली असेल तर "के", इनस्क्रिप्ट असेल तर "क". (हे एक बटण दोन्हीकडे जुळतं, हा योगायोग मला लहानपणापासून आवडतो. शेजारचं "एल" मात्र "त" होतं.) मांडणी कीबोर्डमध्ये नसते, चौथ्या मालकाच्या वहीत असते. म्हणून मशिन तेच असेल तर कुठलाही कीबोर्ड लावा, मराठी तीच राहते. तिने एक वाक्य लिहून पाहिलं, उमटलं.

एलएसयूएसबीने कीबोर्डची ओळख विचारली, तर १सी४एफ:०००२, सिग्मा मायक्रो, आणि पुढे "ट्रेसर गामा आयव्हरी" असं भारदस्त नाव. खोक्यावर यातलं काही नव्हतं. अनेक स्वस्त कीबोर्डांच्या आत हीच चिप असते, आणि यूएसबी क्रमांकांच्या यादीत त्या क्रमांकापुढे एका मॉडेलचं नाव नोंदलेलं आहे, तेच सगळ्यांना चिकटतं. काकांना ते नाव फार आवडलं. एलएसयूएसबीला टी जोडून झाडासारखी रचना पाहिली, तर कीबोर्डपुढे १.५एम, म्हणजे सेकंदाला दीड मेगाबिट, यूएसबीचा सर्वांत संथ वेग. माणसाच्या बोटांना तोही भरपूर होतो.

झोपाळू माउस

तासाभराने पुन्हा फोन. माउस अधूनमधून गोठतो. हलवला तरी बाण हलत नाही, क्लिक केलं की जागा होतो.

हे ऐकल्यावर मात्र मला काही विचारावं लागलं नाही. बॅटरी जास्त टिकावी म्हणून मी त्या लॅपटॉपवर पॉवरटॉप या वीज वाचवणाऱ्या कार्यक्रमाची "ऑटो-ट्यून" दर वेळी सुरुवातीला चालेल अशी सोय करून ठेवली होती. ती सरसकट सगळ्या यूएसबी उपकरणांना झोपायची परवानगी देते. कर्नलमध्ये या झोपेची मूळ मुदत २ सेकंद आहे. कर्नल स्वतःहून माउस-कीबोर्डना झोपवत नाही, हब सोडले तर बहुतेकांना जागंच ठेवतो, कारण जागं होण्याच्या बाबतीत ही उपकरणं भरवशाची नसतात. पुष्कळ ऑप्टिकल माउस झोपेत हालचाल बघतच नाहीत. प्रकाश बंद असतो, मग टेबल सरकलं हे कळणार कसं? बटणाचा क्लिक तेवढा कळतो.

सिस फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणाच्या पॉवर फोल्डरात "कंट्रोल" नावाची फाइल असते. माउसच्या फाइलीत "ऑटो" लिहिलेलं होतं. तिथे "ऑन" लिहिल्याबरोबर माउस ताळ्यावर आला. कायमचा उपाय म्हणून ती पॉवरटॉपची सोय बंद केली. ही चौथी चूक, निदान तोवर तरी शेवटची वाटली.

जाता जाता एक गोष्ट, जी तिनेच हेरली. "दादा, दोन मिनिटं थांबून लिहायला लागलं की पहिलं अक्षर गळायचं. पण नम लॉक लावून ठेवलं होतं तेव्हा नाही गळायचं." मी आधी हसण्यावारी नेणार होतो. पण यूएसबीएचआयडीच्या कोडमध्ये खरंच तशी अट आहे: कीबोर्डवरचा एखादा दिवा पेटलेला असेल तर त्याला आपोआप झोपवायचं नाही, कारण झोपला तर दिवा विझेल. ती अट मोडायची असेल तर "इग्नोअरलेड" नावाचा वेगळा पॅरामीटर द्यावा लागतो. साहित्यात पीएचडी करणाऱ्या मुलीने नुसत्या निरीक्षणाने कर्नलमधली अट शोधून काढली. तिला मी हे सांगितलं, तेव्हा म्हणाली, "मग माझं आभारात नाव घाल."

ककककककक

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात अर्धं पान "क"ने भरलं. कुणी हात न लावता.

चहा वाळला होता, साखर उरली होती. आतल्या कीबोर्डचं "के" बटण चिकटून बसलं होतं, आणि लहर आली की स्वतःच दाबलं जात होतं. म्हणजे आता प्रश्न उलटा झाला: नवा कीबोर्ड चालवायचा नव्हता, जुना गप्प करायचा होता.

तिच्या डेस्कटॉपवर एक्स ही खिडक्या दाखवणारी यंत्रणा चालत होती. एक्सइनपुटने यादी काढली, तर आतला कीबोर्ड "एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड" या नावाने दिसला. हे नाव बहुतेक लॅपटॉपवर दिसतं आणि कुणी त्याकडे बघत नाही. "एटी" म्हणजे १९८४ चा आयबीएम पीसी-एटी. त्या यंत्राच्या कीबोर्डची भाषा म्हणजे सेट २, आणि तिचं आणखी जुन्या सेट १ मध्ये भाषांतर करणारा ८०४२ हा कंट्रोलर. आजच्या लॅपटॉपमध्ये ती चिप नसते, पण तिचं सोंग वठवणारी दुसरी असते. बहिणीपेक्षा वयाने मोठा असलेला एक करार तिच्या लॅपटॉपमध्ये अजून पाळला जात होता.

एक्सइनपुटने तो कीबोर्ड बंद केला. "क" थांबले. मला वाटलं झालं. पण संध्याकाळी तिने मशिन बंद करून सुरू केलं, तर पासफ्रेजच्या ओळीवर आपोआप चांदण्या उमटू लागल्या. "मी हातसुद्धा लावलेला नाही!"

साहजिकच. एक्सइनपुटने गप्प केला तो फक्त चौथ्या मालकासाठी. दुसरा मालक अजूनही ऐकत होता. एका मालकाकडे केलेली तक्रार दुसऱ्याला कळत नाही. बॅकस्पेस दाबून धरून, "क"ला उसंत मिळेल तेवढ्या वेळात पासफ्रेज घालून ती कशीबशी आत गेली. मग ग्रबच्या सेटिंगमध्ये कर्नलसाठी एक शब्द वाढवला: आय-८०४२ डॉट नोकेबीडी. अर्थ सरळ आहे, त्या जुन्या वाटेवर कीबोर्ड आहे असं समजूच नकोस. ग्रबची फाइल नव्याने बनवली, रीस्टार्ट केलं. पासफ्रेजची ओळ स्वच्छ. डेस्कटॉप स्वच्छ. टचपॅडही शाबूत.

ग्रबच्या मेनूत मात्र "क"चा उपद्रव राहिला, कारण तिथे पहिला मालक, आणि त्याला कर्नलचे पॅरामीटर लागू नाहीत. मेनूवरची उलटी मोजणी त्या खोट्या दाबामुळे थांबायची, हाताने एंटर द्यावं लागायचं. तेवढं सोसायचं ठरलं. प्रबंध वेळेत गेला.

दुरुस्ती

ऑगस्टच्या मध्यात तिने लॅपटॉप दुरुस्तीला दिला. दुकानदाराने आतला कीबोर्ड बदलला. घरी आणल्यावर काकांचा संच परत केला, आणि रात्री फोन आला. आवाजात राग होता.

"दादा, नवीन कीबोर्ड बंद आहे. दुकानदार म्हणतो चालतोय, बायोसमध्ये दाखवला त्यानं. मला फसवतोय का तो?"

मीही आधी त्याच्यावरच घसरलो. रिबन नीट बसवली नसेल, स्वस्तातला माल घातला असेल, उद्या जाऊन भांड त्याच्याशी. मग सवयीने विचारलं.

"ग्रबच्या मेनूत बाण चालतात?"

"चालतात."

"आणि पासफ्रेजच्या ओळीवर?"

"नाही. कॅप्स लॉकचा दिवापण लागत नाही."

दोन क्षण मी काहीच बोललो नाही. मग तिला काकांकडून तो ट्रेसर गामा आयव्हरी आणखी एका रात्रीपुरता मागून आणायला सांगितलं, आणि ग्रबमध्ये तीन आठवड्यांपूर्वी मीच घातलेला तो एक शब्द खोडायला लावला.